धुराची पेटी

आमचे मूळ घर खानापूर तालुक्यातील, चोर्ला घाटाच्या वाटेवरचे. घाट उतरला की गोवा आणि मागे वळले की बेळगाव; त्यामुळे घरात कोकणी, शाळेत मराठी आणि आठवड्याच्या बाजारात कानडी अशा तीन भाषांत आमचे बालपण गेले. धुराला या तिन्ही भाषांत निरनिराळी नावे आहेत. मराठीत धूर, आमच्या कोकणीत धुंवर आणि कानडीत होगे. निपाणीकडील विद्यार्थ्यांना तर तंबाखूचे कानडी नाव ठाऊकच असेल : होगेसोप्पू, म्हणजे धुराचा पाला. तीन भाषांत ज्याला नाव आहे तो धूर आमच्या लहानपणी प्रत्येक स्वयंपाकघरात होता. आज तो बहुतेक घरांतून गेला आहे, आणि तो गेला हे फार बरे झाले. परंतु जाताना तो आपल्याबरोबर काही कामेही घेऊन गेला. त्यांपैकी एक काम परत मिळविण्यासाठी आम्ही आणि आमच्या काही विद्यार्थ्यांनी जो खटाटोप केला, त्याची हकीकत येथे सांगावयाची आहे.

चुलीच्या वर हातभर उंचीवर आमच्याकडे बांबूची तट्टी टांगलेली असे. तिच्यावर मिरच्यांची पाटी, लसणाच्या जुड्या, पुढच्या वर्षाच्या बियाण्याची मक्याची कणसे आणि एका कोपऱ्यात फडक्यात बांधलेले सुके बांगडे असत. गोव्याकडे या पावसाळी बेगमीला 'पुरुमेंत' म्हणतात. तो शब्द पोर्तुगीजांकडून आलेला आहे, परंतु ती रीत त्यांच्याही आधीची असली पाहिजे, कारण पाऊस त्यांच्या आधीपासूनच पडत आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत घाटमाथ्यावर सूर्यदर्शन दुर्मिळ. भिंतीला ओल, कपड्यांना वास, मीठ पाझरलेले. अशा दिवसांत तट्टीवरची मिरची मात्र खुळखुळ वाजत असे. खालून मंद ऊब आणि वरून काजळीचा थर. बियाण्याला कीड नाही, मिरचीला बुरशी नाही.

मग गॅस आला. आमच्याकडे तो जरा आधीच आला होता. पुष्कळ खेड्यांतून तो २०१६ च्या मे महिन्यात सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनंतर पोहोचला. चूल विझली, भिंती पांढऱ्या झाल्या, तट्टी काढून टाकली. दोन वर्षांपूर्वी फाल्गुनात अंगणात मिरची वाळत असताना अवकाळी पावसाची सर आली आणि मग तीन दिवस आभाळ उघडले नाही. अर्धवट वाळलेली संकेश्वरी मिरची आम्ही घाईने आत आणली, माजघरात चादरीवर पसरली, वरून पंखा लावला. चौथ्या दिवशी देठांशी पांढुरकी बुरशी दिसू लागली. आजीने एक मिरची उचलून मोडली, नाकाशी नेली आणि एवढेच म्हणाली, "हाका धुंवराचो वास ना." याला धुराचा वास नाही. तिच्या म्हणण्याचा अर्थ असा की, ही आता टिकणार नाही.

मिरचीवरील बुरशी ही नुसती दिसण्याची गोष्ट नव्हे. ओलसर मिरचीत व भुईमुगात ॲस्परजिलस नावाची जी बुरशी वाढते, तिच्यापासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष निर्माण होते. ते यकृताला घातक असते आणि शिजविल्यानेही पुरते नाहीसे होत नाही. तेव्हा ती मिरची टाकून देण्यावाचून गत्यंतर नव्हते. वर्षभराचे तिखट उकिरड्यावर गेले.

वाचक विचारतील की, मग आठ दिवस चूल पेटवावयास काय हरकत होती? हरकत आजीचीच होती, म्हणजे तिच्या छातीची. गॅस आला त्याच्या आदल्या वर्षी तिचा दम इतका वाढला की दोन पायऱ्या चढताना तिला थांबावे लागे. बेळगावच्या दवाखान्यात तिची छाती तपासून डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "आजी, रोज किती विड्या ओढता?" तिने उभ्या जन्मात विडी हातात धरली नव्हती. ती इतकी ओशाळली की तिला उत्तरच देता येईना. तेव्हा डॉक्टरांनीच समजूत घातली की, पन्नास वर्षे बंद स्वयंपाकघरात चुलीपुढे बसणाऱ्या बाईची फुप्फुसे विडी ओढणाऱ्याच्या फुप्फुसांसारखीच होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील अशा धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लक्ष माणसे मृत्यू पावली. हा आकडा आम्ही वर्गात फळ्यावर लिहितो तेव्हा मुले तो वहीत उतरवून घेतात. पण आजीच्या विडीची गोष्ट सांगितली की वर्ग शांत होतो.

म्हणजे प्रश्न असा पडला : जो धूर मिरचीला वाचवितो तोच माणसाला मारतो, तर मिरची धुरात आणि माणूस बाहेर, अशी सोय करता येईल काय? पूर्वी मिरचीही त्याच खोलीत आणि माणूसही त्याच खोलीत, म्हणून अनर्थ. धुराला पेटीत कोंडावे, त्याला लागणारी आच विजेने द्यावी, म्हणजे चुलीपुढे कोणाला बसावे लागणार नाही, असा विचार आम्ही केला. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. ओहमचा नियम आम्हांला परीक्षेपुरता येत होता आणि परीक्षेनंतर तोही सोडून गेला होता. विज्ञान शिकविणारे आमचे सहकारी आणि नववीतील सहा मुले मदतीस आली, म्हणून हे काम तडीस गेले.

प्रथम धूर म्हणजे काय ते पाहू. लाकूड पेटते असे आपण म्हणतो, परंतु लाकूड प्रत्यक्ष पेटण्याआधी तापून फुटते. त्याच्या काष्ठतंतूंत तीन मुख्य द्रव्ये असतात. त्यांतील हेमिसेल्युलोज सुमारे २०० ते ३०० अंश सेल्सिअसला फुटते आणि त्यातून व्हिनेगरमध्ये असते तसले ॲसिटिक आम्ल निघते. त्याहून अधिक उष्णतेला सेल्युलोज फुटते. तिसरे द्रव्य लिग्निन. ते सुमारे ३०० अंशांच्या पुढे फुटू लागते आणि त्यातून फिनॉल वर्गातील पदार्थ बाहेर पडतात. आपण ज्याला धुराचा खमंग वास म्हणतो तो मुख्यतः या फिनॉलांचा. फिनॉले तेलातुपाचा खवटपणा रोखतात, आम्ले व फॉर्माल्डिहाइड जंतूंना अटकाव करतात. मात्र ही सर्व क्रिया पदार्थाच्या पृष्ठभागावर चालते. धूर आत खोलवर शिरत नाही, हे पक्के ध्यानात ठेवावे. आणि लाकडाने एकदा ज्वाळा धरली की ही उपयोगी द्रव्ये जळून जातात व काजळी वाढते. ४०० अंशांच्या वर उष्णता गेली की बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्येही अधिक प्रमाणात तयार होऊ लागतात. युरोपीय देशांनी धुरावलेल्या मांसात व मासळीत या द्रव्याला किलोमागे २ मायक्रोग्रॅम एवढीच मर्यादा घातली आहे, यावरून त्याची भीती किती ते कळेल. तेव्हा धूर हवा, पण ज्वाळा नको. धग हवी, पण बेताची.

ही सर्व माहिती आम्हांला नंतर मिळाली. आधी मिळाली असती तर पहिल्या प्रयोगाची फजिती टळली असती. घरात एक जुने जाळीचे कपाट, ज्याला आमच्याकडे अजूनही मीटसेफ म्हणतात, पडून होते. त्याच्या जाळ्यांवर फळ्या ठोकल्या, तळाशी १५०० वॅटची उघड्या तारेची शेगडी ठेवली, तिच्यावर तव्यात लाकडाचा भुसा, वर मिरचीच्या दोन तट्ट्या. दार लावले आणि कळ दाबली. दहा मिनिटे काही नाही. मग सुंदर निळसर धूर. मुलांनी टाळ्या वाजविल्या. आणखी पाच मिनिटांनी भुशाने भडका घेतला, खालच्या तट्टीवरील मिरची करपली आणि करपलेल्या संकेश्वरी मिरचीचा खकाणा साऱ्या गल्लीत पसरला. शेजारची दारे एकेक करून बंद झाली. आमच्या सहकाऱ्यांनी खोकत खोकत मुख्य कळ बंद केली आणि डोळे पुसत म्हणाले, "तुम्ही धूर केला नाही, मिरची भाजली."

त्या वाक्यातच सारा धडा होता. धूर आणि ताप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चुलीवर त्या एकत्र येतात, म्हणून आपण त्यांस एकच समजतो. भुशातून धूर निघावयास ३०० ते ४०० अंश लागतात आणि मिरची वाळावयास ५० अंश पुरतात. एकाच शेगडीने दोन्ही साधू गेल्यास एक तर धूर होणार नाही, नाही तर मिरची उरणार नाही.

वास्तविक हा भेद आपल्या भागातील मुलांना कोणी शिकवावयास नको. तंबाखू वाळविण्याच्या रीती आठवून पाहा. निपाणीची विडीची तंबाखू शेतात उन्हावर वाळते. तेथे विस्तवही नाही आणि धूरही नाही. म्हैसूरकडे हुणसूर, पिरियापट्टण या भागांत सिगारेटची व्हर्जिनिया तंबाखू वाळवितात ती बंद भट्टीघरात. बाहेर लाकूड जाळून त्याचा धूर लोखंडी नळांतून आत फिरवितात आणि तो नळांतूनच धुरांड्यावाटे बाहेर जातो. पानाला ऊब लागते, धूर लागत नाही. अमेरिकेतील काही तंबाखू याच्या उलट, जमिनीवर धुमसत्या लाकडाच्या धुरातच टांगून ठेवतात. एकच पान, एका जागी नुसता सूर्य, दुसऱ्या जागी नुसता ताप, तिसऱ्या जागी ताप आणि धूर दोन्ही. निपाणीचा एक विद्यार्थी हे ऐकून म्हणाला, "सर, मग आपण भट्टीघराचा नळ आणि चुलीचा धूर दोन्ही लावू." आमची पुढची पेटी त्याच्या या वाक्यावर उभी आहे.

अर्थात ही कल्पना जगाला नवी नाही. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथील टॉरी संशोधन केंद्रात १९३९ साली मासळी धुरविण्याची जी यांत्रिक भट्टी तयार झाली, तिच्यात धूर वेगळ्या पेटीत करून पंख्याने मासळीवर सोडीत आणि ताप स्वतंत्रपणे आवरीत. तोपर्यंत तेथेही उंच धुराड्याखाली भुसा पेटवून वाऱ्याच्या भरवशावर काम चाले. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मासळी धुरविणे हे मुख्यतः बायकांचे काम. तेथे सेनेगलमधील थियारॉय गावी २००८ च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या साहाय्याने जी भट्टी बनविण्यात आली, तिच्यातही शिजविणे आणि धुरविणे हे दोन टप्पे वेगळे ठेवले आहेत. हेतू दुहेरी : मासळीत विषारी द्रव्ये कमी उतरावीत आणि भट्टीपुढे बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांत धूर जाऊ नये. हे वाचले तेव्हा आम्हांस आमची आजी आठवली.

मिरचीविषयीही असेच. स्पेनमध्ये ला व्हेरा नावाचा भाग आहे. मिरची पिकते त्याच सुमारास तेथे पावसाळी हवा असते, उन्हावर वाळविण्याची सोय नाही. म्हणून तेथील शेतकरी ओक वृक्षाच्या लाकडाच्या धुरावर सुमारे दोन आठवडे मिरची वाळवितात आणि तिचे तिखट जगभर नावाजलेले आहे. त्याच देशात मुर्सिया भागात ऊन भरपूर, तेथे मिरची उन्हातच वाळते. मेक्सिकोतील चिपोट्ले म्हणजे धुरावलेली मिरचीच होय. जवळचे उदाहरण पाहिजे असेल तर केरळातील कुडंपुळी घ्या. आपल्या कोकमाचाच हा भाऊबंद. परंतु कोकम उन्हाळ्यात पिकते म्हणून त्याची सोले उन्हात वाळतात, आणि कुडंपुळी पावसात पिकते म्हणून ती धुरावर वाळते व काळी होते. आकाशात ढग असले की माणसाने धुराचा आश्रय घ्यावा, हे सगळीकडे आपोआप घडले आहे.

आता आमची दुसरी पेटी. मीटसेफ तेच : उंची चार फूट, रुंदी दोन फूट, खोली दीड फूट. फळ्या साध्या लाकडाच्या. प्लायवुड वापरले नाही, कारण त्यातील डिंक तापला की त्याची वाफ अन्नात उतरते. याच कारणासाठी मोडका फ्रिज वापरू नये. त्याच्या आत प्लास्टिक असते. रसायनाचे किंवा ऑइलचे जुने पिंप तर कितीही धुतले तरी नको. कपाटापासून पाच फुटांवर, जरा खालच्या पातळीवर, विटांच्या ओट्यावर तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा ठेवला. हे धुराचे घर. डब्यात ५०० वॅटची, तार बंद असलेली लोखंडी चकतीची शेगडी, तिच्यावर जुना तवा, तव्यात दोन ओंजळी भुसा. डब्याला झाकण घट्ट. फक्त खाली बोटभर रुंदीचे एक भोक, तेही सरकत्या पट्टीने कमीजास्त करता येईल असे. हवा कमी मिळाली की भुसा धुमसतो, पेट घेत नाही. आमची पहिली फजिती या एका झाकणाने टळली.

डब्याच्या वरच्या बाजूने तीन इंच व्यासाची पत्र्याची नळी निघून चढत चढत कपाटाच्या तळाशी शिरते. ही नळी चढती असणे अत्यंत महत्त्वाचे. धूर हलका म्हणून तो वर जातो. वाटेत तो निवतो आणि त्यातील डांबरासारखा चिकट अंश नळीच्या आतल्या अंगाला धरून ओघळत खाली येतो. खालच्या टोकाशी आम्ही एक वाटी बसविली आहे. चार तासांनी त्या वाटीत जो काळा, कडू रस साठतो तो पाहून मुले थक्क झाली. एका मुलाने विचारले, "हे सगळे पूर्वी आजीच्या छातीत जात होते काय?" सगळे नव्हे, थोडे, परंतु पन्नास वर्षे.

कपाटाच्या तळाशी दुसरा तापक, तोही ५०० वॅटचा, पण तार बंद नळीत असलेला. त्याच्यावर हातभर उंचीवर लोखंडी पत्रा आडवा बसविला आहे, म्हणजे एखादी मिरची खाली पडली तरी तापकावर पडत नाही. वर बांबूच्या तीन तट्ट्या. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी आम्ही टाळली, कारण आंबट पदार्थ जस्ताला खातात. मधल्या तट्टीजवळ तापनियंत्रकाचा संवेदक लोंबतो. अंडी उबविण्याच्या पेटीत असतो तसलाच हा नियंत्रक. ५० अंश झाले की तापक बंद, ४८ झाले की चालू. कपाटाच्या माथ्यावर धुरांडे आणि त्याला झडप. ही झडप अगदी बंद करण्याचा मोह होतो, कारण धूर वाया जातो असे वाटते. तसे करू नये. मिरचीतील पाणी वाफ होऊन त्याच वाटेने बाहेर जावयाचे असते. झडप मिटली की आत घाम सुटतो आणि मिरची वाळण्याऐवजी उकडते.

विजेचा हिशेब मुलांनीच मांडला. दोन्ही मिळून १००० वॅट. २३० व्होल्टने भागले की ४.३५ अँपिअर. सहा अँपिअरच्या खटक्यावर हे चालेलसे दिसते, परंतु तासन् तास चालणाऱ्या उपकरणाला तो अपुरा. म्हणून वायरमनकडून १६ अँपिअरचा, अर्थिंगचा तिसरा दांडा असलेला खटका बसवून घेतला. लोखंडी डब्याला आणि नळीला अर्थिंगची तार वेगळी जोडली. त्याशिवाय ३० मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारा स्विच लावला. ओलसर अंगण, लोखंडी डबा आणि अनवाणी मुले एकत्र येतात तेथे या स्विचाची किंमत विचारू नये. जोडणी वायरमनने केली, आम्ही किंवा मुलांनी नव्हे. विद्यार्थ्यांनी यात मुळीच हात घालू नये.

एक गंमत मात्र येथे सांगितली पाहिजे. सायंकाळी सात वाजता धूर एकदम मंदावे. भुसा ओला असावा असे आम्हांस वाटले. आमच्या सहकाऱ्यांनी मीटर लावून पाहिला तो दाब १८० व्होल्टवर आलेला. मुलांना वाटले, २३० चे १८० म्हणजे पाचवा हिस्सा गेला, एवढ्याने काय होते? परंतु शेगडीचा रोध तोच राहतो आणि शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० चा वर्ग ५२,९००. त्यास ५०० ने भागले की रोध १०५.८ ओहम. आता १८० चा वर्ग ३२,४००, त्यास १०५.८ ने भागले की ३०६ वॅट. दाब पाचव्या हिश्श्याने उतरला आणि धग सुमारे दोन पंचमांशांनी गेली! पुस्तकातील सूत्र अंगणात धूर होऊन उभे राहिलेले आम्ही त्या दिवशी प्रथम पाहिले. तेव्हापासून आम्ही धुरी दुपारी देतो.

भुसा कोणता? आंबा, फणस, पेरू यांचा उत्तम, बाभळीचाही चालतो. वखारीतील भुसा आणताना तो प्लायवुड कापल्याचा किंवा रंगवलेल्या लाकडाचा नाही याची खात्री करावी. खोक्यांचे राळयुक्त लाकूड काजळी फार करते. कण्हेर विषारी, तिची काडीही नको. निपाणीच्या मुलांनी तंबाखूची देठे सुचविली होती. त्यांना सांगावे लागले की, निकोटिन हे विषच आहे. उसाची चिपाडे आपल्याकडे वाटेल तेवढी. ती वाळवून भुशात मिसळली तर धूर जरा गोडसर येतो, पण ती लवकर पेट घेतात म्हणून नुसती वापरू नयेत.

गेल्या खेपेस आम्ही तीन किलो अर्धवट वाळलेली मिरची घातली. तिच्यात निम्मे पाणी धरले तर कोरडा भाग दीड किलो. टिकाऊ मिरचीत पाणी दहा टक्क्यांच्या आसपास असावे. म्हणजे अखेरचे वजन १.६७ किलो यावयास हवे आणि १.३३ किलो पाणी उडावयास हवे. पहिल्या दिवशी दहा तास आणि दुसऱ्या दिवशी दहा तास ऊब दिली, पैकी पहिल्या दिवशी चार तास धूर. पहिला तासभर मात्र नुसती ऊब. फार ओल्या सालीवर धूर दिला की डाग पडतात, आणि अगदी कोरडी झाली की धूर नीट धरत नाही. बोट लावल्यावर किंचित चिकट लागते तो क्षण धुराचा. तापक निम्मा वेळच चालू राहिला, म्हणून सात युनिटे वीज लागली. केवळ पाणी उडविण्यास एक युनिटही पुरले असते. बाकीची ऊब फळ्यांतून आणि धुरांड्यातून गेली. फळ्यांना आतून कोरड्या मातीचा जाड लेप द्यावा असे मुलांच्या मनात आहे. तो उन्हाळ्यातला बेत.

पेटी घरात कधीही लावू नये. धुमसत्या लाकडातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि बंद खोलीत तो झोपेतच माणसाला मारतो. पेटी अंगणात, घराच्या वाऱ्याखालील बाजूस, आणि मोठे माणूस जवळ असतानाच. शेजारी वाळूची बादली असावी. दुसरे असे की, मांस आणि मासळी या पेटीत घालण्याचा उद्योग विद्यार्थ्यांनी करू नये. पुरेसे मीठ नसेल आणि आतील गाभा नीट शिजला नसेल, तर वरून खमंग दिसणाऱ्या तुकड्याच्या आत बॉट्युलिनम नावाचा प्राणघातक जंतू वाढू शकतो. धूर तेथवर पोहोचत नाही हे मघाशी सांगितलेच आहे. मिरची, खडे मीठ, सोललेल्या लसणाऐवजी सालीसकट लसूण, एवढ्यावर समाधान मानावे. बांगड्यांची आठवण आम्हांलाही येते, पण तो मोह आम्ही आवरला आहे.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी तट्ट्या बाहेर काढल्या. मिरची काळपट लाल, देठ कोरडे, हलविली की बियांचा आवाज. तराजूत १ किलो ७०० ग्रॅम भरली. हिशेबापेक्षा अवघी ३० ग्रॅम जास्त. मुलांनी वजन वहीत लिहिले आणि एक मिरची आजीकडे नेली. ती पडवीत बसली होती. तिने ती मोडली, नाकाशी नेली, बराच वेळ तशीच धरून बसली. मग म्हणाली, "आतां आयलो वास." एवढे म्हणून ती काठी टेकीत पेटीपाशी आली आणि चुलीपुढे बसावे तशी धुरांड्याच्या अगदी जवळ स्टूल ओढून बसली. शेगडी बंद होती, पण नळीतून अजून थोडा धूर येत होता. नववीतील दोघा मुलांनी काही न बोलता आजीला उठविले आणि तिचे स्टूल वाऱ्याच्या वरच्या बाजूस नेऊन ठेवले.